न विचारलेला प्रश्न

एखाद्या आजाराची नोंद दवाखान्याच्या वहीत नाही, म्हणजे तो आजार गावातच नाही, असे म्हणता येईल का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला गडचिरोलीत मिळते.

भारतात कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. पुढची तीन दशके आरोग्यसेवेने विवाहित स्त्रीचा विचार केला तो मुख्यतः बाळंतपण आणि संततिनियमन या दोनच बाबतींत. लग्नापासून पाळी जाईपर्यंतच्या वर्षांत तिला आणखी काय होते? अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीच्या तक्रारी, संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना यांबद्दल तिला क्वचितच कोणी विचारत असे. ‘बाईच्या जन्माला हे चालायचेच’ असे समजून तीही गप्प राही.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आपणहून आलेल्या रुग्णांवर ते थांबले नाहीत, तर गावातल्या सर्वसाधारण स्त्रियांपर्यंत पोचले. या पाहणीचे खरे महत्त्व इथेच आहे. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले आणि त्यांतले सुमारे निम्मे जननमार्गातील जंतुसंसर्गाचे होते. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या.

म्हणजे तक्रार नसली तरी आजार असू शकतो. याची दुसरी बाजू गोव्यात दिसली. तेथे सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली व ती २००५ साली प्रसिद्ध झाली. पांढरे जाण्याची तक्रार साधारण सातांत एकीची होती. पण तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरील ताण आणि नैराश्य यांच्याशी अधिक आढळला. अशा स्त्रीला नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही, तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तपासणी हवी आणि विचारपूसही हवी. एकीने दुसरीचे काम होत नाही.

१९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने प्रजनन-आरोग्याला मध्यवर्ती स्थान दिले. १९९७ मध्ये भारतातही प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पण कार्यक्रम आखला म्हणून संकोच जात नाही. आम्ही शाळेत असताना प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचून या’ एवढ्यावरच संपला होता. तेव्हा वर्गात बसलेल्या मुलींनी त्या दिवशी जीवशास्त्राबरोबर आणखी एक गोष्ट शिकून घेतली: याविषयी बोलायचे नसते. आपल्या वर्गात तो धडा मोठ्याने वाचला गेला, तर हा दुसरा धडा आपोआप गळून पडेल.