कर्करोगाची मोजदाद

गावात कर्करोगाने किती माणसे गेली, हे रुग्णालयाच्या फायली सांगू शकत नाहीत. जो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची फाईल कुठून असणार? म्हणून कर्करोगाची नोंदणी रुग्णालयाची नव्हे, लोकवस्तीची करावी लागते.

भारतातली अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदी धुंडाळत. खरी कसोटी नाव-पत्त्यात लागते. उपचारासाठी आलेला बाहेरगावचा रुग्ण मुंबईतल्या नातेवाइकाचा पत्ता देतो. तो मुंबईकर धरला तर शहराचा आकडा फुगतो. एका कागदावर हमीदा शेख, दुसऱ्यावर हमीदाबी. बाई एकच असेल, तर वय, पत्ता, रोगाची जागा ताडून दोन नोंदींची एक करावी लागते.

१९८२ पासून आयसीएमआरच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे काम इतर शहरांतही सुरू झाले. १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिथे कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणे समजावत, संशय आला तर तपासणीला पाठवत. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळला.

पुढे शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या रोगाचे मृत्यू लक्षणीय घटतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू घटले हे कळायला आधी ते नीट मोजावे लागतात. ते काम नोंदणी कर्मचाऱ्यांचे.