वर्गातल्या बाईंचे शिक्षण

1988 साली माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेब तो सगळ्यांच्या आधी सांगे. लिहावयास सांगितले की ‘घ’ चा ‘ध’ करी आणि ओळ अर्धवट सोडून देई. मी त्याला आळशी ठरविले, दोन-चार छड्याही दिल्या आणि अखेर मागल्या बाकावर बसविले. सहावीत त्याने शाळा सोडली. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही, याचेच मला अधिक लागून राहिले. मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा विषय मी घेतला तो त्या मुलामुळे.

शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. आपण कोल्हापूरकर याचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. परंतु सगळी मुले शाळेत आली म्हणजे कमी ऐकणारी, कमी दिसणारी, अक्षरांशी अडखळणारीही येणार, हे ओघानेच आले. त्यांना कसे शिकवावे, हे मास्तरांना कोणी शिकवावयाचे?

न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ फॅरेल नावाच्या शिक्षिकेपुढे हाच प्रश्न होता. नेहमीच्या वर्गात न टिकणाऱ्या मुलांसाठी 1899 साली तिने निराळा वर्ग सुरू केला. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ती इतर शिक्षकांना हे काम शिकवू लागली. 1922 च्या उन्हाळ्यात तिथल्याच अध्यापक-विद्यार्थ्यांतून अशा मुलांच्या शिक्षणासाठी एक परिषद निघाली. फॅरेलबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष. आधी वर्ग, मग विद्यापीठ, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे प्रथम निघाल्या त्या स्वतंत्र शाळा. मुंबईत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली. मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा 1944 साली. साहजिकच प्रशिक्षण मिळे ते अशा शाळांतील शिक्षकांना. साध्या शाळेतील शिक्षकाचा विचार ठळकपणे पुढे आला तो 1964 ते 66 च्या कोठारी आयोगामुळे. अपंग मुलांना शक्य तेथवर इतर मुलांबरोबरच शिकवावे, असे त्या आयोगाचे म्हणणे पडले. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्याच आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारणारे. (त्यांचा जन्मदिवसही 5 सप्टेंबर, शिक्षकदिनाचाच, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे?)

1974 साली केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना काढली. 1987 च्या प्रकल्पात तर शिक्षकांच्या तयारीच्या पायऱ्याच ठरविल्या: निवडलेल्या गटातील सर्व शिक्षकांना एक आठवडा, काहींना सहा आठवडे आणि आठ-दहा जणांना पुरते वर्षभर शिक्षण. महाराष्ट्रातील एक गटही त्यात होता. मी अशी आठवडाभराची शिबिरे पुढे पाहिली आहेत. त्यात कळते एवढेच, की आपल्याला काही कळत नाही. तेही कमी नाही म्हणा!

1992 साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि विशेष शिक्षकाची नोंदणी आवश्यक ठरली. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठात ह्या विषयाच्या बी.एड., एम.एड. पदव्या मिळू लागल्या. पण कोल्हापूरच्या नोकरदार, संसारी बाईने मुंबईस जाऊन राहावे कसे? तिच्यासाठी खरी वाट मोकळी केली ती मुक्त विद्यापीठांनी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही विशेष शिक्षणाची बी.एड. सुरू केली.

मी ही पदवी पंचेचाळिशीनंतर अशाच दूरशिक्षणाने घेतली. सुट्टीत संपर्कवर्ग, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर स्वाध्याय. रविवारी वाचलेले सोमवारी वर्गात करून पाहावयाचे, हा ह्या अभ्यासाचा मोठा लाभ. एक काम लहान लहान टप्प्यांत कसे तोडावे, अक्षर वाळूत बोटाने गिरवून कसे घ्यावे, शब्दातले आवाज टाळी वाजवून सुटे कसे करावेत, हे कळले. एका प्रकरणात माझ्या त्या मुलाचे वर्णन जसेच्या तसे सापडले: बुद्धी उत्तम, परंतु वाचन-लेखनात अडचण, याला अध्ययन अक्षमता म्हणतात. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचे महाराष्ट्र सरकारने 1996 साली मान्य केले होते. तोवर तो शाळेबाहेर पडून कितीतरी वर्षे झाली होती.

पुढे 28 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे व वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही नोकरीतील शिक्षकांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रमांचा पुरस्कार केला आहे. माझे मत विचाराल तर अशा शिक्षिकेस अभ्यासासाठी भरपगारी रजा मिळाली पाहिजे. रात्रीच्या जागरणावर हे काम किती दिवस चालावयाचे?

तो मुलगा गेल्या दिवाळीत भेटला. उद्यमनगरात लेथवर कामाला आहे. मापे सगळी तोंडपाठ, बिले मात्र बायको लिहिते. “बाई,” म्हणून तो रस्त्यातच पाया पडला. त्याची मुलगी यंदा दुसरीत आहे असे तो म्हणाला, तेव्हा मी पहिला प्रश्न केला तो तिच्या वाचनाचा. शनिवारी तिला घरी घेऊन ये, असे सांगितले आहे.