७५० पैकी २८२

निकालानंतरच्या आठवड्यात आमच्या प्राध्यापक-कक्षात दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. प्रथम वर्ग मिळालेले पेढे घेऊन थेट आत येतात. दुसरे दाराशी घुटमळतात आणि सगळे सहकारी तासाला गेले, की हळूच येऊन विचारतात, "सर, बावन्न टक्क्यांवर विद्यापीठात एम.ए. ला घेतील का? की इथंच बरं?" या प्रश्नात गुणांची चौकशी थोडी असते, "त्या मोठ्या वास्तूत मी शोभेन का?" ही शंका अधिक असते. वीस वर्षे शिकवूनही या शंकेला माझ्याजवळ तयार उत्तर नाही. मात्र ती पुढे आली, की मला एक गुणपत्रिका आठवते. ती १९०७ सालची आहे.

त्या वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. चरित्रकार धनंजय कीर यांनी गुणांचा आकडा नोंदवला आहे : ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा ३७.६. सहा वर्षांनी, १९१३ च्या जुलैत, हाच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. या दोन घटना आपण सहसा एका दमात सांगतो आणि मध्ये 'जिद्द' हा शब्द ठेवून मोकळे होतो. जिद्द होतीच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्याने समाधान मानता येत नाही. २८२ हा आकडा कसा तयार झाला आणि तो अडसर का ठरला नाही, हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारायला हवेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर परळच्या चाळीतल्या एका खोलीत आहे. संसार, सामान, जाते, सरपण, सगळे त्याच खोलीत. मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे व्हावे, अशी रामजी सुभेदारांनी व्यवस्था लावली होती. म्हणजे अभ्यासाची वेळ घरातल्या जागेच्या हिशेबाने ठरत होती. पुस्तकांसाठी पैसे नसले, की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवत. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्याला ते शिकवले जाणार नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. एकदा गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुले डबे उचलायला धावली. फळ्यावरचे गणित बरोबर आले किंवा चुकले, ते गुणपत्रिकेत उतरते. डबे उचलण्याचा आवाज उतरत नाही. २८२ या आकड्यात हा सगळा आवाज मुरलेला आहे, आणि तरीही त्या काळी अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही सभा भरवून सत्कार करण्याजोगी घटना होती.

ती सभा खरोखरच भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. केळुसकर हे शिक्षक, लेखक आणि ग्रंथप्रेमी गृहस्थ. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना खर्च झेपेना, तेव्हा याच केळुसकरांनी त्याची सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवली. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. माझ्या मते या कथेचा सांधा इथे आहे. केळुसकरांनी बाकावर बसून वाचणारा मुलगा पाहिला आणि महाराजांनी समोरासमोर उत्तरे ऐकली. त्या काळच्या परीक्षापद्धतीत या दोन्ही गोष्टींना जागा नव्हती.

ती पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे, विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. संशोधनाचे, चर्चासत्राचे, प्राध्यापकाच्या हाताखाली बसून विषय धसाला लावण्याचे वातावरण त्यात फारसे नव्हते. मुंबईत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा पदव्युत्तर विभाग निघाला तो १९१९ मध्ये. तेव्हा १९१३ च्या सुमारास पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणापुढे, त्याला समाजरचनेचा शास्त्रीय अभ्यास करायचा असेल तर, या शहरात पुढची पायरीच नव्हती.

पायरी मिळाली ती पुन्हा बडोद्याकडून. पदवीनंतर आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, त्यांचे वडील वारले. रात्री दोन वाजता उठवणारा माणूस गेला. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना कोलंबियाला पाठवायचे ठरवले. ४ जूनला करारावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. मोठ्या विद्यापीठाचा दरवाजा असा अटींसह उघडला. या अटींचा हिशेब पुढे चुकवावा लागणार होता.

कोलंबियात त्यांनी तीन वर्षांत काय केले, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. बेरीज ६०. ज्याला आपल्या शाळेत संस्कृत निवडता आले नाही, त्याच्यापुढे ही यादी ठेवली गेली आणि 'निवड' असे सांगितले गेले, तेव्हा त्याने काय निवडले ते पाहण्यासारखे आहे. हे अभ्यासक्रम म्हणजे नुसती ज्ञानाची हाव नव्हे. अर्थशास्त्र मध्यभागी आहे आणि बाकीची शास्त्रे त्याच्याभोवती. पुढे आयुष्यभर जो प्रश्न ते मांडणार होते, त्याचा आराखडा या यादीत दिसतो. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन हे तिथले त्यांचे अध्यापक. यांची आठवण त्यांनी पुढे कृतज्ञतेने नोंदवली.

९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. स्वजातीतच विवाह हे जातीचे मर्म आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या बंधनाच्या रक्षणासाठी उभ्या राहिल्या, असा त्यांचा सिद्धान्त. १९१७ च्या मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या तपासल्या आहेत. त्यांतले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबावे. केतकरांची वाटही याच प्रश्नाशी निगडित आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकत असताना, इथली पदवी हाती नसतानाच, १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्याच इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी शिक्षण पुरे केले. मनुस्मृतीच्या पुराव्यावर आधारलेला त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासाचा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला, आणि १९११ मध्ये ते पीएच.डी. झाले. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी ही जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली. आंबेडकरांनी या व्याख्येला इतरांहून अधिक मान दिला आणि लगेच दाखवले, की ही दोन लक्षणे दोन नाहीतच. विवाहबंदी असली की सदस्यत्व जन्मानेच ठरणार. इथल्या परीक्षांनी ज्यांना विशेष ओळखले नव्हते, अशा दोन मराठी तरुणांचा हा वाद सात वर्षांच्या अंतराने परक्या भूमीवर, इंग्रजीत झाला. त्या काळच्या आपल्या विद्यापीठाने याचा विचार करायला हवा होता.

पण दोघांची वाट एकच होती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केतकर पदवी न घेता निघू शकले. ब्राह्मण तरुणाच्या अपुऱ्या शिक्षणाकडे समाज 'बुद्धिमान पण विक्षिप्त' म्हणून पाहू शकतो. अस्पृश्य तरुणाच्या अपुऱ्या शिक्षणाकडे तो 'यांच्याकडून एवढेच व्हायचे' म्हणून पाहतो. सामान्य गुण सर्वांना सारखे महाग पडत नाहीत. आमच्या दाराशी घुटमळणाऱ्या विद्यार्थ्यांतही हा भेद आहे, आणि प्रवेश-यादी लावणाऱ्यांना तो दिसत नाही.

पुढचा भाग सुखद नाही. १९१६ च्या ऑक्टोबरात आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. स्वतंत्रपणे पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात बुडालेल्या जहाजाबरोबर गेली. कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकत. कोलंबियाची पदवी त्या शहरात एका खोलीच्याही कामी आली नाही. मोठ्या विद्यापीठाविषयी बोलताना हे प्रकरण गाळणे ही मोठी फसवणूक आहे. पदवीने ज्ञान वाढते, आत्मविश्वास वाढतो; समोरच्या माणसाची दृष्टी तिने बदलेलच असे नाही.

ते थांबले मात्र नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर पदरात पडायला १९२७ उजाडले. म्हणजे १९१३ मध्ये सुरू झालेला अभ्यास चौदा वर्षे लांबला. 'मोठ्या विद्यापीठात गेले आणि विद्वान झाले' या वाक्यात ही चौदा वर्षे मावत नाहीत.

परतल्यानंतर या माणसाने विद्यापीठाविषयी काय म्हटले, हे मला त्यांच्या पदव्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीने प्रश्नावली काढली. तिला उत्तर देताना त्यांनी भूमिका घेतली, की नुसत्या परीक्षा घेणारे विद्यापीठ अपुरे आहे; अध्यापन आणि संशोधन एकत्र नांदले पाहिजे, आणि पदवीचे शिक्षण पदव्युत्तर शिक्षणापासून तोडता कामा नये. ही सूचना करणाऱ्याने दोन्ही व्यवस्था आतून अनुभवल्या होत्या. एकीने त्याला २८२ हा आकडा दिला होता, दुसरीने ६० अभ्यासक्रम आणि एक चर्चासत्र. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे 'मिलिंद' म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत उभे केले, त्यामागे हाच अनुभव होता.

या इतिहासातून 'गुणांना काही अर्थ नसतो' असा दिलासा काढणे सोपे आहे. तो मी काढणार नाही. कमी गुण मिळालेला प्रत्येक जण दडलेला आंबेडकर असतो, असे सांगणे हा विद्यार्थ्याचाही अपमान आहे आणि बाबासाहेबांचाही. या कथेतून निघते ते अधिक साधे आणि आम्हा शिक्षकांना अधिक अडचणीचे आहे. गुणपत्रिका जे सांगत नाही, ते पाहणारा कोणीतरी लागतो. जाण्यापुरते पैसे लागतात. पोचल्यावर स्वतःचा विषय निवडण्याची मुभा लागते. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टी आमच्या हातात क्वचितच असतात. पहिली मात्र पूर्णपणे आमची आहे, आणि तिच्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून अलीकडे दाराशी कोणी घुटमळताना दिसले, की मी टक्केवारी नंतर विचारतो. आधी विचारतो, सध्या काय वाचतोस? कधीकधी उत्तर फार लांबते, पुढचा तास बुडतो, आणि शिफारसपत्रात काय लिहायचे ते मला कळते.