वॉरंटी कोणत्या दिवसापासून मोजायची?

प्रतिनिधी, द्रोणागिरी

नव्या घरासाठी लागणाऱ्या वस्तू दसरा-दिवाळीच्या सवलतीत घेऊन ठेवायच्या आणि घराचा ताबा मिळाला, की खोकी उघडायची, हा हिशेब मध्यमवर्गीय कुटुंबांत सर्रास केला जातो. सिडकोने वसविलेल्या आणि अजूनही भरत असलेल्या द्रोणागिरीसारख्या नोडमध्ये तर तो हमखास ऐकायला मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत धावू लागली आणि वाशी, पनवेलच्या मोठ्या दुकानांतून खरेदी करणे येथील रहिवाशांना सोपे झाले. हिशेब वरवर चोख वाटतो. मात्र ताबा लांबतो, विजेचा मीटर उशिरा लागतो आणि फ्रिजचे खोके सहा-आठ महिने नातेवाइकांच्या घरी पडून राहते. दरम्यान, वॉरंटीचे घड्याळ बिलाच्या तारखेपासूनच चालू झालेले असते. एक वर्षाच्या वॉरंटीतले आठ महिने वस्तू एकदाही न वापरता संपू शकतात.

ही अडचण सरकारच्याही लक्षात आलेली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये गृहोपयोगी उपकरणांच्या उत्पादक कंपन्यांना व उद्योगसंघटनांना पत्र पाठवून, वॉरंटी खरेदीच्या नव्हे तर उपकरण घरी बसविल्याच्या दिवसापासून मोजावी, असे आवाहन केले. आवाहन म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे संबंधित कंपनीचे कार्ड काय म्हणते, हेच शेवटी पाहावे लागते. ताबा मिळण्यास अवकाश असेल तर पैसे भरून दर निश्चित करावा. पण अंतिम बिल व घरपोच पाठवणी पुढच्या तारखेची मिळेल का, हे दुकानदाराला आधीच विचारावे. मोठ्या खरेदीत अनेक दुकानदार त्यास तयार होतात.

गंमत अशी, की ज्या घरासाठी हा फ्रिज घेतला त्या घराचा हिशेब नेमका उलटा आहे. ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची विकासकाची पाच वर्षांची जबाबदारी ताब्याच्या दिवसापासून मोजली जाते. भिंतीची मुदत किल्ली हातात आल्यावर सुरू होते आणि फ्रिजची मुदत कार्ड स्वाइप केल्यावर!

गॅरंटी आणि वॉरंटी

बाजाराच्या भाषेत गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. कायद्याची भाषा वेगळी आहे. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी हा शब्द येतो तो जामिनकीच्या अर्थाने, म्हणजे दुसऱ्याने पैसे न दिल्यास आपण देऊ, अशा हमीसाठी. वस्तूंच्या विक्रीसंबंधीच्या १९३० च्या कायद्यात अट आणि वॉरंटी असा भेद आहे. अट मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागू शकतो, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. दुकानदाराने तोंडी ‘गॅरंटी आहे हो’ म्हटल्याने यातले काहीच सिद्ध होत नाही. बदलून देण्याचे आश्वासन असेल तर ते बिलावर लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावे.

वॉरंटीचा अर्थ कार्डावरील शब्दांपुरताच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. सदोष भाग बदलून देण्याची वॉरंटी असेल तर तिच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. फ्रिजला आणि मोबाइललाही हाच न्याय लागू होतो.

म्हणून खोक्यावरील ठळक आकड्यापेक्षा कार्डाच्या मागील बाजूचा बारीक मजकूर महत्त्वाचा. ‘१० वर्षांची वॉरंटी’ असे लिहिलेल्या फ्रिजवर ती दहा वर्षे बहुधा केवळ कॉम्प्रेसरची असतात; उरलेल्या भागांना एकच वर्ष. सातव्या वर्षी कॉम्प्रेसर फुकट मिळाला, तरी गॅस भरणे, मजुरी आणि ने-आण यांचा खर्च बहुतेक वेळा ग्राहकाच्याच माथी येतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘६० महिने’ लिहिलेले असते, पण त्याची फोड ३६ अधिक २४ अशी असू शकते. पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळते. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त सूट, आणि तीही महिन्यागणिक कमी होत जाणारी.

द्रोणागिरीकरांनी एक अपवाद विशेष लक्ष देऊन वाचावा. खाडी आणि समुद्र जवळ असल्याने येथील हवा खारी आहे. एसीचे बाहेरचे युनिट आणि वॉशिंग मशीनचा पत्रा यांना अशा हवेत गंज लवकर चढतो, आणि गंज हा अनेक कंपन्यांच्या कार्डांवर वॉरंटीतून वगळलेला असतो. विजेचा कमी-जास्त दाब, उंदरांनी कुरतडलेली वायर, कंपनीबाहेरच्या कारागिराने केलेली दुरुस्ती हेही नेहमीचे अपवाद. एसी घेताना कॉइल कोणत्या धातूची आहे, तिच्यावर गंजरोधक लेप आहे का आणि गंजाबाबत कार्ड काय म्हणते, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल तर कार्ड उघडून दाखविण्यास सांगावे. वॉरंटी वाढवून देणारी स्वतंत्र योजना गळ्यात मारली जाते तेव्हाही हाच प्रश्न करावा. ती योजना बरेचदा उत्पादकाची नसून तिसऱ्याच कंपनीची असते आणि तिचे अपवाद निराळे असतात.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

असे वाक्य बिलावर छापलेले असले म्हणजे विषय संपला, असा समज अजूनही आहे. तो चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (अंमल जुलै २०२० पासून) यानुसार सदोष माल परत घेण्यास आणि बिलावर दिलेल्या मुदतीत, तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा त्याच यादीत येते. मात्र हा हक्क सदोष मालापुरता आहे. साडीचा रंग घरी आवडला नाही किंवा मिक्सर दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळाला, एवढ्या कारणासाठी माल परत घेणे ही दुकानदाराची मर्जी. कायदा तेथे मदतीला येत नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत वर्णन केल्याप्रमाणे नसेल, अथवा सांगितलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. सात किंवा दहा दिवसांत वस्तू परत घेण्याची सवलत ही कंपनीच्या धोरणाचा भाग असते व वस्तूगणिक ती बदलते. खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवले, तर पुढचे बरेच वाद टळतात.

या परिसरातील आणखी एक बाब. न्हावा-शेवा बंदर आणि कंटेनर यार्ड शेजारी असल्याने ‘पोर्टचा माल’ म्हणून विदेशी वस्तू स्वस्तात देऊ करणारे भेटतात. आयातदाराने न सोडविलेला माल सीमाशुल्क कायद्यातील तरतुदीनुसार लिलावात विकला जातो, हे खरे. पण लिलावातील माल सामान्यतः ‘आहे त्या स्थितीत’ विकला जातो आणि भारतातील अधिकृत मार्गाने न आलेल्या वस्तूला येथील सेवा केंद्र वॉरंटी नाकारू शकते. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता व कमाल किरकोळ किंमत छापलेली नसेल आणि पक्के बिल मिळत नसेल, तर ती स्वस्ताई नको.

तक्रार कोठे करायची?

पहिला पुरावा म्हणजे बिल. त्यावर वस्तूचा अनुक्रमांक असावा. थर्मल कागदावरील बिलाची अक्षरे वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात, त्यामुळे त्याच दिवशी झेरॉक्स व छायाचित्र घ्यावे. सेवा केंद्राकडून प्रत्येक वेळी जॉब शीट मागून घ्यावी. तोच दोष तीनदा दुरुस्त झाला, हे सिद्ध करण्यास तिच्यासारखा दुसरा पुरावा नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरून अनेक तक्रारी परस्पर मिटतात. त्याने काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहेच. येथे द्रोणागिरीकरांची हटकून गफलत होते. पत्ता नवी मुंबईचा असला तरी तालुका उरण आणि जिल्हा रायगड. त्यामुळे राहत्या ठिकाणचा आयोग अलिबागचा. दुकान वाशीत असेल तर ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात चालते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील देणे बंधनकारक नाही. दुकानदार व उत्पादक या दोघांनाही पक्षकार करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखविण्याची सोय उरत नाही. करंजा-रेवस लाँचने अलिबाग गाठायचे नसेल, तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते आणि दूरचित्र सुनावणीची मागणीही करता येते. कायद्याने निकालास तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिने ठरवून दिले आहेत. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही.