हाडातल्या वाटेची कुळकथा

पेशंट टेबलावर उताणा. कुशीला, खुब्याच्या मागच्या बाजूस, जेमतेम एक सेंटिमीटरची चीर. सर्जन तिच्यातून एक तार आत सरकवतो, टोक कमरेच्या हाडावर टेकवतो आणि मान वळवून पडद्याकडे पाहतो. “शॉट.” सी-आर्म या एक्स-रे यंत्राचं बटण दाबलं जातं. तार जरा वर लागलीय. काढा, पुन्हा टेकवा, पुन्हा शॉट. हाड उतरतं असलं की टोक घसरतं आणि सगळं पहिल्यापासून. अंगावरचा शिशाचा अ‍ॅप्रन दर शॉटला जड होत जातो.

ही तार वाटाड्या. तिच्यावरून सुमारे सात मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू ओवला जातो. तो कमरेचं हाड आणि कण्याच्या तळाशी असलेली त्रिकास्थी यांना एकत्र आवळतो. वाट मात्र बोळासारखी. समोरून कमरेच्या पाचव्या मणक्याची नस उतरते, खाली पहिल्या त्रिक-नसेचं भोक. तार भरकटून नस दुखावली, तर पाऊल लुळं पडू शकतं.

हा बोळ सापडायला फार काळ गेला. कमरेचं हाडांचं कडं पुढून आणि मागून असं दोन ठिकाणी मोडतं, हे फ्रेंच सर्जन माल्गेन्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नीट मांडलं. त्या दुखापतीला आजही त्यांचं नाव आहे. पण इलाज काय? कापडाच्या झोळीत कंबर टांगायची, पायाला वजन लावायचं आणि आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. कडं वरखाली जुळलं, तर एक पाय आखूड आणि जन्माचं लंगडणं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या एमिल लेतूर्नेल यांनी या भागातल्या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. त्यांच्याकडे शिकलेल्या जोएल मॅटा यांनी ती अमेरिकेत रुजवली. तेव्हा पेशंटला पालथं घालून, मागून उघडून स्क्रू बसवत. अपघातात आधीच चेचलेल्या कातडीवर ही मोठी चीर, म्हणून जखमा चिघळायची भीती असे.

ती चीर मिटवली सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातल्या चिप राऊट यांनी. पेशंट उताणाच ठेवून, कातडीतून स्क्रू घालण्याचे सुरुवातीचे निष्कर्ष त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये छापले. उघडून पाहणं संपलं, आता भिस्त एक्स-रेच्या सावल्यांवर. यंत्र एका बाजूला कललं की तार पुढे आहे की मागे ते कळतं, दुसऱ्या बाजूला कललं की वर आहे की खाली. शिवाय आडवं चित्र. तीन सपाट चित्रांवरून सर्जन मनात अख्खं हाड उभं करतो. ‘फ्रीहँड’ म्हणतात ते हेच. नाव फसवं आहे: हात मोकळा असतो, पण जीव पडद्याला टांगलेला. काहींची त्रिकास्थी तर जन्मतःच वेगळ्या घडणीची असते. तिच्यातला बोळ तिरका आणि अरुंद. तिथे मुरलेला हातही दबकत चालतो.

या हाताच्या मदतीला पुढे रोबोट आला. पण ‘रोबोट’चं कूळ वेगळंच. कारेल चापेक यांच्या 1920च्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. 1985मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्यूमा’ नावाच्या कारखानी यंत्रबाहूने मेंदूचा तुकडा तपासणीला काढताना सुईची दिशा धरली. 1992मध्ये तिथल्याच सॅक्रामेंटोत ‘रोबोडॉक’ने कृत्रिम सांध्यासाठी मांडीच्या हाडात स्वतः पोकळी कोरली.

कमरेच्या स्क्रूकडे आलेला रोबोट प्यूमाच्या वळणाचा, कोरणारा नव्हे. बीजिंगच्या जिशुइतान रुग्णालयाशी जोडलेला ‘तिआनजी’ घ्या. पेशंटच्या हाडावर एक खूण पक्की बसवतात आणि कॅमेरा ती पाहत राहतो. स्कॅनवर सर्जन वाट आखतो. यंत्रबाहू त्या रेषेत एक नळी आणून थांबतो. नळीतून तार घालतो माणूसच. गवंड्याच्या हातात ओळंबा असावा, तसं हे. ओळंबा स्वतः भिंत बांधत नाही.

जिशुइतानच्याच सर्जनांनी फ्रीहँड आणि रोबोट या दोन्ही पद्धतींची तुलना 2017मध्ये प्रसिद्ध केली. रोबोटच्या बाजूने ठळक दिसलं ते एक्स-रेचा मारा कमी होणं. कुशल हाताच्या फ्रीहँड स्क्रूलाही वाट बहुतेकदा सापडतेच. पण ती किती शॉट आणि किती टोचण्यांनंतर सापडते, हा प्रश्न उरतो.

ओळंब्यालाही मर्यादा आहेत. खूण सैल झाली किंवा स्कॅननंतर हाड हललं, तर यंत्र तितक्याच ठामपणे चुकीची वाट दाखवतं. आणि मोडलेलं कडं आधी जागेवर आणावं लागतं. ते काम हा बाहू करत नाही. म्हणून रोबोट विकत घेणाऱ्या रुग्णालयानेही तीन सावल्या वाचू शकणारा सर्जन आधी घडवावा. यंत्र बंद पडलं, तरी स्क्रू त्यालाच घालायचा असतो.