यंत्रांच्या पत्त्यांची पाळी

पत्र ज्याचें त्यास पोहोंचावयाचें तर पत्ता नेमका हवा. भारतांत एकाच नांवाचीं गांवें अनेक. म्हणून टपालखात्यांतील अधिकारी आणि संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकड्यांचा पिन कोड सुरू झाला. जामनेरच्या वांट्यास ४२४२०६ हा आंकडा आला. तो गांवाचें जणूं वतनच झाला.

आज त्याच जामनेरच्या घरांत मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी अशीं यंत्रें एका राउटरवर नांदतात. त्यांनाहि पत्ते लागतात. परंतु त्या पत्त्यांचा इतिहास निराळ्या वाटेनें गेला.

सप्टेंबर १९८१ मध्यें ठरलेल्या नियमाप्रमाणें असा पत्ता चार संख्यांचा असतो व प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. असे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी. प्रारंभीं संगणक थोडे होते, तेव्हां प्रत्येकाचा पत्ता माणूस हातानें भरी. यंत्रें वाढलीं तसें हें काम जड झालें. १९८४ सालीं यंत्रानें जाळ्यावर आपला पत्ता विचारून घेण्याची एक रीत निघाली. १९८५ सालीं बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनीं बूटपी नांवाची अधिक सोयीची रीत मांडली. तथापि कोणत्या यंत्रास कोणता पत्ता, हें कोणीतरी आधीं लिहून ठेवणें भागच होतें. यंत्र कपाटांत पडून राहिलें, तरी त्याचा पत्ता त्याच्याच नांवें अडकून राही. वतनाचा दोष तो हाच.

ऑक्टोबर १९९३ मध्यें अमेरिकेंतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनीं लिहिलेला डीएचसीपी हा नियम प्रसिद्ध झाला. मार्च १९९७ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. त्यांतील मुख्य गोष्ट एकच: पत्ता मुदतीनें द्यावा.

खानदेशास ही कल्पना परकी नाहीं. पांझरेच्या कांठच्या फड पद्धतींत बंधाऱ्याचें पाणी पाटकरी पाळीनें देई. पाळी संपली कीं पाणी पुढच्या शेताकडे वळे. राउटर हा घरांतला पाटकरीच होय. नवें यंत्र विचारतें, "पत्ता देणारें येथें कोणी आहे काय?" राउटर म्हणतो, "हा मोकळा आहे." यंत्र म्हणतें, "तोच द्यावा." राउटर सांगतो, "दिला, मुदत इतकी." निम्मी मुदत सरली कीं यंत्र ती वाढवून मागतें. निघून गेलेलें यंत्र मागत नाहीं. मुदत संपतांच त्याचा पत्ता दुसऱ्यास मिळतो.

घरगुती पत्त्यांसाठीं फेब्रुवारी १९९६ च्या ठरावानें कांहीं संख्या राखून ठेवल्या. म्हणून जामनेरच्या व मुंबईच्या घरांत १९२.१६८.१.१०० हाच पत्ता असला तरी तंटा होत नाहीं. बाहेरच्या जगाशीं राउटर आपल्या एकाच पत्त्यानें बोलतो. या काटकसरीची गरज होतीच. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जगाच्या मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे गठ्ठेहि वांटून संपले.

मात्र पाळी नीट लावली नाहीं तर पाणी असून शेत कोरडें राहतें. लग्नघराची कल्पना करावी. राउटरमध्यें दहाच पत्ते व मुदत आठ दिवसांची. पाहुणे येऊन गेले, पत्ते त्यांच्याच नांवें राहिले. दुसऱ्या दिवशीं घरची मुलगी परीक्षेचा अर्ज भरावयास बसते. शेवटची तारीख तीच. खूण पूर्ण दिसते, पण यंत्रास पत्ता नाहीं. बहुतेक यंत्रें अशा वेळीं १६९.२५४ नें सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करतात. त्यानें बाहेरची वाट उघडत नाहीं. दोष कंपनीचा समजून सारे हळहळतात. खरा दोष मुदतीचा असतो.

म्हणून राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर वांटपासाठीं १०० ते १९९ असे शंभर पत्ते ठेवावे व मुदत एक दिवसाची द्यावी. छपाईयंत्राचा पत्ता बदलूं नये असें वाटल्यास राउटरमध्येंच त्याच्या नांवें राखून ठेवावा. वांटपांतलाच पत्ता दुसऱ्या यंत्रांत हातानें भरूं नये. तसें केल्यास एका पत्त्यावर दोन यंत्रें येऊन दोघांचाहि खोळंबा होतो. एका घरांत पाटकरीहि एकच असावा. दुसरा राउटर जोडल्यास त्याचें वांटप बंद करावें.

ठेवा थोडा आणि मागणारे फार, असें जेथें असतें तेथें देण्याइतकेंच परत घेण्याचेंहि महत्त्व असतें. पांझरेच्या पाटावर जें चाले, तेंच आज घरांतल्या राउटरमध्यें चाललें आहे.