तळटीप १४ : पीआरपीपी सिंथेटेज

१४. पीआरपीपी सिंथेटेज : रायबोज-५-फॉस्फेट या शर्करेला एटीपीमधील पायरोफॉस्फेट गट जोडून पीआरपीपी हे संयुग बनवणारी विकरे. अभिक्रियेस मॅग्नेशियम लागते. एटीपीचे एएमपी होते. डीएनए-आरएनएचे घटक असलेली प्युरीन व पिरिमिडीन न्यूक्लिओटाइडे पेशी मुळापासून घडवते, तेव्हा पीआरपीपी अनिवार्य असते. आर्थर कॉर्नबर्ग व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये त्याची निर्मिती व गुणधर्म वर्णिले. मानवात विकराची तीन रूपे आहेत : पहिल्या दोहोंची जनुके एक्स गुणसूत्रावर, तर मुख्यतः वृषणात आढळणाऱ्या तिसऱ्याचे सातव्या गुणसूत्रावर. पहिले रूप अतिक्रियाशील झाल्यास युरिक आम्ल वाढून तरुण पुरुषांतही गाउट व मूतखडे उद्भवतात. क्रिया मंदावल्यास बहिरेपणा आणि चेताविकार संभवतात.